फी आम्ही भरतो

खंडूने मला पहिली थप्पड मारली तेव्हा माझ्या तोंडात अजून पूजेचा पेढा होता. पेढा आणि रक्त एकदमच गिळावं लागलं. मी आयुष्यात कुणाची थप्पड खाल्ली नव्हती, बाबांचीही नाही, त्यामुळे दुखायच्या आधी मला राग आला, आणि राग आला की माझं तोंड सुटतं.

"हरामखोरा, परत हात लावलास तर..."

त्याने परत हात लावला. या वेळी कानावर. पुढची दोन मिनिटं मला त्या बाजूने फक्त शिट्टी ऐकू येत होती.

दसऱ्याची दुपार होती. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दसऱ्याला सगळे गाळे सकाळीच उघडतात. मशिनं धुऊन-पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, पेढे होतात आणि बाराच्या आत शटर खाली. पूजा झाली की त्या दिवशी मशीन चालवत नाहीत आणि हत्याराला हात लावत नाहीत. साडेबाराला त्या इस्टेटमध्ये कुणी मोठ्याने ओरडलं तर ऐकायला एक कुत्रंही नसतं. हे विशालला माहीत होतं. पंधरा वर्षं तो आणि माझा भाऊ सुबोध मिळून लेथवर लोखंड कातायचा हाच टर्निंगचा गाळा चालवत होते.

दोन वर्षांपूर्वी दादाने आपला हिस्सा विशालला विकला आणि बाजूला झाला. त्यानंतर सहा महिन्यांत गाळ्याच्या मोठ्या ऑर्डरी बंद पडल्या. यात दादाचा काही दोष नव्हता, पण विशालच्या डोक्यात एकच बसलं की याला आधी कळलं होतं, म्हणून हा सटकला. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. दर सणाला फोन करायचा. या वेळी म्हणाला, "सुबोध, पूजेला ये रे, तुझ्याशिवाय मशिनं रुसतात." वहिनी मुलांना घेऊन चेंबूरला माहेरी गेली होती. दादा मला म्हणाला, चल रुचे, पेढे खाऊन येऊ. म्हणून मी गेले. आत एक आडदांड माणूस होता, त्याला मी नवा कामगार समजले. त्यानेच आतून शटर ओढलं. तो खंडू.

माझा फोन विशालने काढून घेतला होता आणि तो माझ्या नि शटरच्या मध्ये उभा होता. दादाला त्यांनी लोखंडी स्टुलावर सुतळीने बांधलं होतं. डावा हात पाठीमागे, उजवा मोकळा, कारण फोन उघडायला अंगठा लागणार होता. खंडू त्याला आधी पोटात मारत होता, मग बरगड्यांवर, मग तोंडावर. घाई नव्हती त्याला. एकदा विशाल वैतागून म्हणाला, "अरे तो पाना घे ना!" तर खंडूने कानाला हात लावला.

"आज नाही शेठ. पूजा झालीय. हत्यार नाही उचलणार मी."

आणि पुन्हा मुठीने मारायला लागला. माझ्या भावाचा एक दात उडून लेथच्या हारात पडला आणि हा माणूस धर्म पाळत होता. मला हसू आलं असतं, पण जबडा ठणकत होता.

विशालला हवं होतं ते दादाच्या फोनमध्ये होतं. हिस्सा विकून आलेले पैसे दादाने डॉलरच्या कॉईनमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टोत, ठेवले होते, आणि ठेवले होते आमच्याच ॲपमध्ये. आमच्या म्हणजे मी जिथे काम करते त्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या. ऑफिस अंधेरीतच, या गाळ्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. ते ॲप सोपं करणं हे माझं काम.

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. डॉलरचं कॉईन कुणाला पाठवायचं तर फी लागते, आणि ती फी त्या कॉईनमध्ये भरता येत नाही. त्यासाठी दुसरंच एक नाणं लागतं. खिशात नोटांचं बंडल आहे, पण बसचा कंडक्टर म्हणतो, मला फक्त अमुक देशाचे सुटे पैसे चालतात, असला हा प्रकार. फीचं नाणं नसलं की तुमचे पैसे तुमच्याच डोळ्यांसमोर अडकून बसतात. चार वर्षं मी लोकांच्या शिव्या वाचल्या. बायको ऑपरेशनला आत आहे आणि चाळीस रुपयांच्या फीसाठी माझे लाख अडकलेत, असं लिहिणारी माणसं. माझं डोकं फिरायचं. मी माझ्या बॉसशी, सर्वेशशी, भांड-भांड भांडले, चार हजार ग्राहकांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरं त्याच्या टेबलावर आपटली, आणि शेवटी कटकट काढून टाकली. ग्राहकाने नुसतं पाठवायचं, फी कंपनी भरणार. बरोबर आठ दिवसांपूर्वी हे सगळ्यांच्या फोनवर आपोआप सुरू झालं होतं.

दादाला हे माहीत नव्हतं. नोटीस सगळ्यांना गेली होती, पण तो नोटिसा वाचत नाही. आणि मी त्याला सांगितलं नव्हतं.

"खोल फोन," विशाल म्हणाला. "सुबोध, उगाच मार खाऊ नको. मला पण बरं नाही वाटत."

"तुका बरा वाटाक नाय तर सोड ना मेल्या," दादा म्हणाला. मार बसला की त्याची मालवणी बाहेर येते. विशालला ती पंधरा वर्षांच्या सोबतीमुळे चांगली कळायची. दादा रक्त थुंकला आणि चक्क हसला. "खोलून काय करशील? पैसे हलणार नाहीत. फीचं नाणं नाही त्यात. शून्य आहे."

"शून्य कसं?"

"फ्यूज काढून ठेवलाय मी."

लेथवाले असंच करतात. जुना कारागीर घरी जाताना मेन स्विचचा फ्यूज काढून खिशात टाकतो, म्हणजे मागे कुणी मशीनला हात लावला तरी ते फिरत नाही. दादाने तेच केलं होतं. फीचं नाणं तो ॲपमधल्या त्या पाकिटात, म्हणजे वॉलेटमध्ये, कधी ठेवतच नव्हता. पाठवायची वेळ आली तरच दुसरीकडून आणायचा.

"घाल तू फी तुझ्या खात्यातून," दादा म्हणाला. "घाल ना. कुठून आली ते कायमचं लिहिलं जातं तिथे. तुझं नाव, तुझं केवायसी. पोलीस दुपारच्या चहाला तुझ्या घरी."

विशाल फोनकडे बघायला लागला. त्याने फोन हातात घेऊन नुसता वर-खाली केला. मी ते ऐकत होते. दोन वर्षं मी दादाला चिडवत होते की तुझ्या पाकिटात फी का नसते, एवढं साधं कसं कळत नाही तुला. तो सांगायला लागायचा, "अगं रुचे, त्याचं असं आहे..." आणि मी म्हणायचे, "राहू दे दादा, तुला नाही कळणार, मीच करते काहीतरी." आणि मी केलं होतं.

तेवढ्यात विशाल खंडूकडे वळून हळूच म्हणाला, "काम झालं की माळ्यावरचा थिनर घे. समई पेटती आहेच." त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. एक कान शाबूत होता माझा. पूजेची समई, तिच्या बाजूला कापसाच्या वाती, कापूर, सुके हार. दसऱ्याला समईने गाळा पेटला, आत दोघं अडकली, असं कुणीही मान्य केलं असतं. म्हणजे पैसे हलत नव्हते तोवर आम्ही जिवंत होतो. दादाचा काढलेला फ्यूज आम्हाला जिवंत ठेवत होता, आणि तो फ्यूज मी आठ दिवसांपूर्वी परत बसवून आले होते, हे त्या गाळ्यात फक्त मला माहीत होतं.

विशालने विचार केला आणि खंडूला मान हलवून माझ्याकडे खूण केली. खंडूने माझे केस धरले आणि डोकं ड्रिल मशीनच्या खांबावर आपटलं. डोळ्यांपुढे काळं झालं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा भुवई फाटली.

"थांब!" दादा ओरडला. "तिला सोड. पिन देतो मी. घे आणि स्वतः बघ, नाही हलणार."

"नको दादा!" मी किंचाळले. "देऊ नको!"

पुढे काय बोलणार होते मी? का देऊ नको, हे बोलले असते तर विशालला पिनचीही घाई झाली असती. मी नुसती मान हलवत राहिले, रक्त डोळ्यात जात होतं, आणि माझ्या भावाने सुजलेला डोळा मिटून मला खूण केली, घाबरू नको म्हणून. त्याला वाटलं मी पैशासाठी रडतेय. त्याने पिन सांगितला. सहा आकडे. माझी जन्मतारीख. मग विशालने त्याचा उजवा अंगठा फोनवर दाबून घेतला.

विशालने स्वतःचा पत्ता टाकला, एका निनावी पाकिटाचा. पाठवा दाबलं. दोन सेकंद काही झालं नाही. दादा हसत होता.

"फी आम्ही भरतो," विशालने मोठ्याने वाचलं. "तुम्ही निश्चिंत राहा."

ते वाक्य माझं होतं. सर्वेशला तिथे 'शुल्क कंपनीतर्फे अदा' असं काहीतरी हवं होतं. माणसासारखं बोलू या म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी हुज्जत घातली होती.

दादाचं हसू उतरलं. त्याने आधी विशालकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्याला कळलं. तेवढ्या मारानेही त्याचा चेहरा तसा झाला नव्हता.

"नऊ मिनिटं दाखवतंय," विशाल म्हणाला. "रांगेत आहे म्हणे."

एकेकाची फी भरणं कंपनीला परवडत नाही, म्हणून आम्ही लोकांचे व्यवहार गोळा करून एकदम पाठवतो. शेअर रिक्षा भरली की सुटते, तसं. सणाच्या दिवशी गर्दी कमी, म्हणून थांबणं जास्त. तोवर खाली 'थांबवा' असं बटण असतं. तेही माझंच.

विशालने फोन लेथवर ठेवला आणि तो दादाजवळ गेला. त्याचा आवाज बदलला होता. "फी नाही म्हणालास. माझ्या तोंडावर खोटं बोललास. तेव्हा पण असंच बोललास ना, हिस्सा विकताना? ऑर्डरी येतील रे विशाल, घाबरू नको?"

"मला माहीत नव्हतं रे," दादा म्हणाला. "आईशप्पथ, मला नव्हतं माहीत."

त्याने दोन्हीबद्दल खरं सांगितलं होतं. विशालने एकही मानलं नाही. त्याने स्टूल फरफटत बाकापर्यंत नेलं. बाकावर वाइस होता, दोन लोखंडी जबड्यांचा, ज्यात काम घट्ट पकडतात. त्यावर कुंकवाची पाच बोटं उठलेली होती. विशालने दादाचा उजवा हात त्या जबड्यात घातला आणि दांडा फिरवला.

"शेठ, पूजा झालीय," खंडू म्हणाला.

"तू थिनर आण!"

पहिल्या फेऱ्याला दादा ओरडला नाही. दुसऱ्याला ओरडला. तिसऱ्याला हाडं मोडल्याचा आवाज आला, ओल्या लाकडाचा येतो तसा, आणि दादाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुणाला ऐकवणार नाही. पैसे तर निघाले होते, आता काही विचारायचंही नव्हतं. विशाल नुसता पिळत होता. पंधरा वर्षं ज्या हाताचा डबा खाल्ला तो हात.

खंडू माझे केस सोडून शिडीवर चढला. मी लेथपाशी पोचले. एका बाजूला फोन, त्यावर 'थांबवा'. दुसऱ्या बाजूला पाटावर मांडलेली हत्यारं, हळदकुंकू लावलेली. माझा हात आधी फोनकडेच गेला, ते मी लपवत नाही. मग कळलं की काही उपयोग नाही. थांबवलं तर विशाल परत दाबेल. पिन आहे, अंगठा वाइसमध्ये आहे. कुणी चुकून भलत्याला पैसे पाठवले तर सावरावं म्हणून मी ते बटण केलं होतं. डोक्यावर कुणी उभं असेल, हा विचार मी केलाच नव्हता. चार हजार जणांना विचारलेल्या प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

मी मोठा पाना उचलला.

पहिला घाव विशालच्या खांद्यावर बसला, कारण मला वजनाचा अंदाज नव्हता. तो वळला, त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. दुसरा मी कानामागे घातला. तो गुडघ्यांवर आला आणि त्याने माझा पाय धरला, तेव्हा तिसरा घातला. तिसऱ्याची गरज नव्हती. तो मी का घातला ते मला पोलिसांनीही विचारलं. कारण दादा अजून ओरडत होता, दुसरं कारण नाही.

खंडू थिनरचा डबा घेऊन शिडीवर अर्ध्यात होता. मी शिडीला लाथ घातली. तो डब्यासकट आडवा कोसळला, त्याचा पाय खाली वाकडा दुमडला, आणि थिनर फरशीवरून समईकडे वाहायला लागला. मी समईवर दोन्ही तळवे दाबले. दसऱ्याची समई हाताने विझवली. तळव्यांवर फोड आले, ते नंतर दिसले. खंडू तोंडाने "आई, आई" करत शटरकडे सरपटत होता. त्याला मी काही केलं नाही.

मग मी वाइसकडे धावले. माझ्या आणि दादाच्या मध्ये विशाल पडला होता, म्हणून मी बाकाच्या मागच्या बाजूने वाकून दांडा धरला आणि सगळी ताकद लावून फिरवला.

उलटा फिरवला.

मागून बघताना दिशा उलटी होते, हे मला कुठे ठाऊक! या भावाच्या कमाईवर मी इंजिनियर झाले, पण एक वाइस कसा उघडतात हे कधी पाहिलं नव्हतं. जबडे आणखी आवळले गेले. दादाने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मग क्षीण आवाजात म्हणाला, "डावीकडे नको. दुसरीकडे, रुचे. दुसरीकडे." शिकवावं तसं म्हणाला.

हात सुटला तेव्हा त्याला हात म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी माझी ओढणी त्याला गुंडाळली. फोन माझ्या लक्षातच नव्हता. लेथवर तो एकदा वाजला, हाराखाली. पाठवणी पूर्ण. मी पाहिलं आणि उलटा ठेवला. तेव्हा मला त्या पैशाचं खरंच काही वाटलं नाही.

विशाल दुसऱ्या दिवशी गेला, शुद्धीवर न येता. त्याच्या पाकिटाची किल्ली, म्हणजे ते उघडायचे गुप्त शब्द, फक्त त्याच्या डोक्यात होती, त्यामुळे पैसे तिथे आहेत आणि कुणाचेच नाहीत. खंडूने सगळं कबूल केलं. माझी केस दिंडोशीच्या कोर्टात आहे, वकीलबाई म्हणतात स्वसंरक्षण आहे, काळजी करू नका. मी काळजी करत नाही. विशालचं वाईट वाटायला हवं असं सगळे सांगतात, पण मला ते अजून वाटलेलं नाही.

डॉक्टरांनी दादाची चार बोटं काढली. अंगठा राहिला. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नलिनी वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझ्या नणंदेने वाचवलं हो ह्यांना, वाघीण आहे. मी बाहेर जिन्यात जाऊन बसायचे. सर्वेशचा फोन आला, चौकशी केली, आणि शेवटी राहवलं नाही म्हणून सांगितलं की लोक फार खूश आहेत, फीची एकही तक्रार नाही. मी फोन कापला.

नवव्या दिवशी वहिनी औषधं आणायला खाली गेली. मी पेजेचा चमचा दादाच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "मी पिन दिला तेव्हा."

"हो."

"आणि ते तूच केलेलं."

"हो दादा."

त्याने नजर वरच्या पंख्याकडे वळवली. मला वाटलं आता शिवी देईल. मला ती हवी होती, खरं सांगते, थप्पडसुद्धा चालली असती. डाव्या हाताची का होईना.

"तू एवढ्या लोकांना विचारलंस म्हणे," तो म्हणाला. "चार हजार."

मी मान हलवली. चमचा परत वाटीत ठेवला.

"मला विचार आता."

"काय?"

"पाकिटात फी का ठेवत नव्हतो, ते. मी तीनदा सांगायला आलो होतो. आता विचार."

मला सगळं माहीत होतं. गाळ्यात मी माझ्या एका कानाने ते ऐकलं होतं. तरी मी खुर्ची पुढे ओढली, तोंड पुसलं आणि विचारलं, "दादा, तू फी का ठेवत नव्हतास?"

"अगं रुचे, त्याचं असं आहे," तो म्हणाला, आणि बँडेजमधला हात सवयीने वर उचलून सांगायला लागला. अर्धा तास बोलत होता. मी एकदाही मध्ये बोलले नाही.